डिश जुलैत चालली पाहिजे

पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या गच्चीवर गेले, की एकाच कठड्याला चार-पाच डिश जखडलेल्या दिसतात आणि त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात. बसवणाऱ्याचा तो हलगर्जीपणा नसतो. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ साडेत्र्याण्णव अंशांवर, तर एअरटेलचा १०८.२ अंशांवर. पुण्यातून पहिल्याकडे बघायचे तर दक्षिणेपासून २७ अंश पूर्वेला वळायचे आणि क्षितिजापासून ६६ अंश मान वर करायची. तिसऱ्यासाठी ६५ अंश पूर्वेला वळावे लागते, पण मान ४५ अंशच वर करावी लागते. हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी खिळल्यासारखे, म्हणजे भूस्थिर असतात. म्हणून डिश एकदा नीट लावली की काम झाले, असे आपण समजतो.

टीव्हीच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. ती डिश फक्त ऐकते. इंटरनेटची डिश ऐकते आणि बोलतेही. एक-दोन वॉटच्या आसपासच्या शक्तीने छत्तीस हजार किलोमीटरवर आपला आवाज पोचवते. तिची दिशा चुकली तर नुसते चित्र बिघडत नाही. तिचे बोलणे उपग्रहाला ऐकू येत नाही आणि शेजारच्या उपग्रहाच्या कानावर नको तो गोंगाट जातो.

हा फरक आत्ताच समजून घ्यायला हवा, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांत उपग्रहाद्वारे इंटरनेट नेण्याचे त्यात ठरले. देशातले असे पहिले राज्य आपले. त्याआधी जून २०२५ मध्ये स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला आणि जुलैमध्ये इन-स्पेस या अंतराळ नियामक संस्थेची मंजुरी. युटेलसॅट वनवेब आणि जिओची उपग्रह कंपनीही परवाने घेऊन तयार आहेत. भारताचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून फाल्कन रॉकेटवर गेला, तो तर खास ब्रॉडबँडसाठीच. थोडक्यात, आकाशाची तयारी झाली आहे. जमिनीवरच्या तयारीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि योजना यशस्वी होणार की गोदामात खोकी साठणार, हे तिथेच ठरणार आहे.

कव्हरेजचा नकाशा हा या व्यवहारातला सर्वांत फसवा कागद. त्यावर सगळा देश एका रंगात रंगवलेला असतो. प्रत्यक्षात उपग्रह जमिनीवर अनेक बीम सोडतो, प्रत्येक बीमच्या मध्याला शक्ती सर्वाधिक असते आणि कडेकडे ती घटत जाते. नकाशावर बीमची जी कड दाखवण्याचा प्रघात आहे, तिथे शक्ती मध्याच्या तुलनेत साधारण निम्मी असते. शिवाय बीमची क्षमता त्याखालच्या सगळ्यांत वाटली जाते. जीसॅट-एन२ ची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आणि बीम ३२. म्हणजे सरासरी एका बीमला दीड गिगाबिट. एका बीमखालच्या पंधरा हजार घरांनी एकाच वेळी व्हिडिओ लावले तर घरटी शंभर किलोबिट उरतात, त्यात व्हिडिओ चालत नाही. काचेच्या एका तंतूतून याच्या कित्येक पट माहिती जाते. त्यामुळे जिथे फायबर पोचू शकते तिथे फायबरच हवी, हे आधीच स्पष्ट म्हटलेले बरे. उपग्रहाची ही थोडकी क्षमता पुण्या-मुंबईच्या बंगल्यांवर खर्ची पडू नये. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपयांचा जादा आकार सुचवला, त्यामागची दृष्टी योग्यच होती.

मग ती क्षमता कोणासाठी? भामरागडसाठी. तिथे पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि सगळा तालुका तुटतो. रस्त्याबरोबर वीज जाते, मोबाइलचा टॉवर डिझेल संपेपर्यंत तग धरतो आणि मग रेंजही जाते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यासाठी, मेळघाटातल्या पाड्यांसाठी. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा उमटवायला रेंज नाही म्हणून मशीन घेऊन टेकडीवर चढणारे दुकानदार आणि मागोमाग चढणाऱ्या म्हाताऱ्या बाया हे आपल्या दुर्गम भागातले जुने दुखणे. त्या मशीनला वेग नको आहे, भरवसा हवा आहे. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सला तालुक्याच्या डॉक्टरशी बोलायचे असेल तर भूस्थिर उपग्रहाच्या मार्गाने प्रश्नाला उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. ते चालते. फोनच लागला नाही तर चालत नाही.

भूगोल इथे आपल्या बाजूचा आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. जीसॅट-११ हा ७४ अंशांवरचा उपग्रह धडगावहून जवळपास नेमका दक्षिणेला दिसतो, भामरागडहून दक्षिणेच्या १९ अंश पश्चिमेला. उंची दोन्हीकडे पासष्ट अंशांच्या आसपास. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर असाच उपग्रह बावीस अंशांहून वर येत नाही. समोरची टेकडीही त्याला झाकते. आपल्याकडे दरीच्या तळाशी असलेल्या पाड्यावरूनही तो डोंगराच्या कितीतरी वर असतो. डिशपेक्षा दहा मीटर उंच झाड आड येण्यासाठी ते अवघ्या पावणेपाच मीटरच्या आत असावे लागते.

स्टारलिंकची गोष्ट निराळी. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत आणि काही मिनिटांत आकाश ओलांडतात. तिची चपटी डिश स्वतः हलत नाही, पण तिच्या आतल्या शेकडो बारीक अँटेना मिळून बीम वळवतात आणि एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे उडी मारतात. प्रतिसाद जलद, साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांत. म्हणून ‘ठेवा आणि विसरा’ असे तिचे वर्णन केले जाते. पण तिला आकाशाचा एक तुकडा पुरत नाही. डोक्यावर शंभर-एकशे दहा अंशांचा मोकळा शंकू लागतो. तेच दहा मीटर उंच झाड इथे चौदा मीटर लांब असावे लागते. उत्तर गोलार्धात ती किंचित उत्तरेकडे कललेली ठेवतात, कारण दक्षिणेकडचा भूस्थिर उपग्रहांचा पट्टा तिला टाळावा लागतो. गच्चीवर हे सोपे. सागवानाच्या जंगलात वसलेल्या पाड्यावर, कौलारू आश्रमशाळेच्या अंगणात, चौदा मीटर मोकळे आकाश शोधावे लागते, आणि शोधणारा माणूस आधी तिथे जावा लागतो.

सागाचे तर आणखी एक आहे. तो उन्हाळ्यात पाने गाळतो. एप्रिलमध्ये ठेकेदार आला, झाडांच्या फांद्यांमधून निळे आकाश दिसले, सिग्नल छान आला, फोटो काढला, बिल लावले. जूनच्या पहिल्या पावसानंतर सागाची ती ताटाएवढी पाने फुटतात आणि ओल्या पानांच्या भिंतीआड डिश बसते. जुलैत शाळा सुरू झालेली असते, सिग्नल गेलेला असतो आणि ठेकेदाराचा फोन लागत नाही.

भूस्थिर उपग्रहाची डिश लावण्याचे काम जवळून पाहिले म्हणजे कळते की त्यात कारागिरी आहे. आधी पाइप. तो ओळंब्यात उभा हवा, चारही बाजूंनी लेव्हल लावून तपासलेला. पाइप तिरका असेल तर डिश डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलते आणि एक चूक दोन होऊन बसते. मग होकायंत्र. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ही सोय आहे. पण पत्र्याच्या छपराजवळ किंवा लोखंडी कठड्याशेजारी होकायंत्र धरले की सुई खोटे बोलते. जाणकार माणूस चार पावले दूर जाऊन दिशा धरतो आणि समोरच्या एखाद्या झाडाची किंवा खांबाची खूण पकडतो. त्यानंतर उंची. इथे नवशिके हमखास फसतात, कारण आपल्याकडच्या बहुतेक डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. सिग्नल जिथून येतो त्याहून डिशचे तोंड वीस-पंचवीस अंश खाली असल्यासारखे दिसते. पासष्ट अंशांवरच्या उपग्रहासाठी लावलेली डिश डोळ्यांना चाळीस-पंचेचाळीस अंशांवर वाटते. मापाच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा असतो, नजरेवर नाही.

शेवटी बारीक जुळवणी. नट अर्धवट आवळून डिश केसभर हलवायची, थांबायचे, मीटर वाचायचा, पुन्हा हलवायची. मीटरवर दोन आकडे असतात, सिग्नलची ताकद आणि त्याचा दर्जा. ताकद भरपूर आणि दर्जा शून्य असेल तर शेजारचाच उपग्रह धरला गेला आहे किंवा नुसता गोंगाट येतो आहे. दर्जाचा आकडा सर्वांत वर जाऊन खाली उतरू लागला की दोन्ही बाजूंच्या उताराचा मध्य काढून तिथे डिश आणायची. मग नट आवळताना डिश पुन्हा सरकते, म्हणून एकेक नट आळीपाळीने थोडा थोडा आवळायचा आणि प्रत्येक वेळी मीटर पाहायचा. घाईतला माणूस इथेच काम सोडून जातो.

किती बारीक जुळवणी? केए बँड या उच्च वारंवारितेच्या पट्ट्यावर चालणारी पाऊण मीटरची डिश घ्या. ऐकण्याच्या वारंवारितेवर तिच्या बीमची रुंदी साधारण १.४ अंश, बोलण्याच्या वारंवारितेवर एका अंशाहूनही कमी. नेम फक्त ०.७ अंश चुकला तर ऐकू येणारा सिग्नल निम्मा होतो आणि उपग्रहाला पोचणारा जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. डिशच्या व्यासावर मोजले तर हे ०.७ अंश म्हणजे कड नऊ मिलिमीटर सरकणे, आणि सहा सेंटिमीटरच्या पाइपवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. वानराने डिशवर उडी मारली, वळीव पावसाच्या वाऱ्याने पाइप हलला, पोराने कपडे वाळत घालायला दोरी बांधली, एवढे त्याला पुरते.

खरा घात असा की ही चूक त्या दिवशी दिसत नाही. उपग्रह जोडणीत थोडी शिल्लक ताकद ठेवलेली असते. निरभ्र आकाशात चुकीची डिशही काम करते, कारण ती शिल्लक खाऊन जगते. पाऊस आला की मोडेम आधी वेग कमी करून जोडणी टिकवायचा प्रयत्न करतो. शिल्लक असेल तर टिकवतोही. शिल्लक आधीच संपली असेल तर पहिल्या जोरदार सरीत सगळे बंद. केए बँडला पाऊस खालच्या वारंवारितेच्या केयू बँडपेक्षा अधिक बाधतो, आणि नव्या उपग्रहांचा भर केए बँडवर आहे. दोष पावसाच्या माथी मारला जातो. पुष्कळदा तो जानेवारीत घाईने आवळलेल्या नटाचा असतो.

भारताला हे ठाऊक नव्हते असे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने ‘साइट’ हा प्रयोग केला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या वर ३५ अंशांवर आणून ठेवला गेला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच लागले. डिश होत्या तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, आणि त्या पश्चिमेकडे तोंड करून उभ्या होत्या. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते. त्या काळच्या वारंवारितेवर त्या डिशचा बीम आठ अंशांच्या आसपास रुंद होता. आजच्या मानाने नेम फार सैल. तरीही इस्रोने संच वाटून हात झटकले नाहीत. गावांचे गट पाडले, गटागटाला दुरुस्तीची व्यवस्था लावली, बिघाड कसा कळवायचा आणि कोणी यायचे हे आधी ठरवले. कार्यक्रम कोणत्या भाषेत असावेत, गावकऱ्यांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास करायला समाजशास्त्रज्ञ खेड्यांत राहिले. दुरुस्तीला उपग्रहाइतकेच महत्त्व दिले, म्हणून तो प्रयोग आजही जगभर आठवला जातो.

महाराष्ट्राला स्वतःचीही परंपरा आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या आर्वीला १९७० च्या दशकाच्या आरंभी विक्रम भू-केंद्र उभे राहिले. सुमारे तीस मीटरच्या त्या डिशमधून परदेशांशी होणारे दूरध्वनी जात. एवढ्या मोठ्या डिशचा बीम अंशाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक असतो. उपग्रह जरा डुलला तरी मोटारींनी तिला मागोमाग वळवावे लागते. ग्रामीण भागात ती वर्षानुवर्षे अचूक चालली, कारण तिच्यापाशी नेमाने पगार मिळणारी, शिकलेली माणसे होती.

आता हिशेब विजेचा. स्टारलिंकची नेहमीची डिश राउटरसह पाऊणशे ते शंभर वॉट खाते. चोवीस तास चालवली तर दिवसाला दोन युनिट. पैशाने हे फार नाही, पण ज्या पाड्यात पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते तिथे दोन दिवसांची बॅटरी आणि ती भरणारे सौर पॅनेल लागते, तेही ढगाळ दिवसांचा हिशेब करून. शिवाय सह्याद्री-सातपुड्यात वळवाच्या विजा पडतात, तेव्हा अर्थिंग नीट नसेल तर एका कडकडाटात मोडेम जळतो. हे सगळे सामान डिशच्या खोक्यात नसते. निविदेत लिहिले तरच येते.

सरकारने काय करावे, हे यातूनच निघते. तालुक्यातालुक्यात आयटीआय आहेत, तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुले आहेत. खेडोपाडी डीटीएच बसवणारी पोरे आहेत, ज्यांच्या हाताला नेम आहे आणि ज्यांना गावातला प्रत्येक वाटाड्या ओळखतो. त्यांना दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, चांगला मीटर, कोन मोजायचे यंत्र आणि बारमाही मानधन द्यावे. धडगावचा बिघाड दुरुस्त करायला नाशिकहून माणूस येणार असेल तर तो येईपर्यंत पावसाळा संपलेला असतो. माडिया, गोंडी, पावरी, कोरकू बोलणारा तरुण शाळेच्या मुख्याध्यापकाला काय समजावू शकेल ते बाहेरच्या अभियंत्याला जमणार नाही.

पैसे देण्याची पद्धतही बदलावी लागेल. डिश उभी केल्याचा फोटो हा कामाचा पुरावा मानण्याची प्रथा बंद व्हावी. बिलाचा मोठा भाग पावसाळ्यातल्या चालू तासांवर ठेवावा. मोडेम स्वतःच जोडणीची नोंद ठेवतो, ती नोंद जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर गावनिहाय लावणे अवघड नाही. मग कव्हरेजचा रंगीत नकाशा पाहायची गरज उरणार नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात किती तास जोडणी होती, हे मंत्रालयात बसून कोणालाही वाचता येईल आणि गावालाही.

यावर एक आक्षेप येतो: थोड्याच वर्षांत मोबाइल थेट उपग्रहाशी बोलेल, मग डिशवर एवढा खर्च कशाला? मोबाइल बोलेल, यात शंका नाही. पण खिशातल्या फोनची अँटेना बोटाएवढी. तिच्यातून आपत्तीचा संदेश, चार ओळी, फार तर संभाषण जाईल. आश्रमशाळेतल्या वर्गाला, पंचायतीच्या कचेरीला, दवाखान्याला डिश लागणारच. ती लागणार असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी जागा पाहून, सागाला पाने आहेत असे समजून लावावी. आणि इरादापत्रातून कराराकडे जाताना राज्याने चाचणीची तारीख स्वतः निवडावी: पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत असताना, वीज गेलेली असताना, भामरागडच्या रेशन दुकानात अंगठा उमटतो का ते पाहून.